अडखळत बोलणारे मूल आणि अपेक्षेचे ओझे

सकाळची प्रार्थना आटोपून मुले वर्गात बसली की हजेरीस आरंभ होतो. शिक्षक एकेक नाव उच्चारतात आणि एकेक मूल "हजर" म्हणते. शिक्षकाच्या दृष्टीने हे दोन-तीन मिनिटांचे, सवयीने होणारे काम होय. परंतु वर्गात अडखळत बोलणारा एखादा मुलगा असला आणि हजेरीपटावर त्याचा क्रमांक सत्ताविसावा असला, तर पहिल्या नावापासून सव्विसाव्या नावापर्यंतचा वेळ त्याला फार निराळा जातो. पंधराव्या नावाच्या सुमारास त्याचे लक्ष पुस्तकावरून उडते. विसाव्या नावास तो मनातल्या मनात "हजर, हजर" असे घोकू लागतो. पंचविसाव्या नावास त्याने श्वास रोखून धरलेला असतो. स्वतःचे नाव कानी पडताच तो तोंड उघडतो, पण "ह" घशातच अडकतो. शिक्षक मान वर करून पाहतात, दोन-चार मुले खुदकन हसतात, आणि शेजारचा मुलगा "गुरुजी, आलाय तो" असे परस्पर सांगून मोकळा होतो. दुसऱ्या दिवसापासून हा मुलगा दहा मिनिटे उशिरा येऊ लागला तर त्यात नवल नाही. उशिरा येणारा म्हणून त्याची नोंद होते. तो हजेरी चुकवीत आहे, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही.

हाच मुलगा तासाभराने सर्व वर्गाबरोबर एकोणतिसाचा पाढा न थांबता म्हणतो. कवितेच्या तासास इतरांच्या आवाजात त्याचाही आवाज स्वच्छ ऐकू येतो. मधल्या सुटीत तो धाकट्या बहिणीस रागे भरतो, घरी शेळ्यांना हाका मारतो, तेव्हा त्याची जीभ कोठे अडत नाही. हे पाहून शिक्षकाच्या मनात एक अनुमान उभे राहते, की ह्याला बोलता येते. मनावर घेतले तर हा नीट बोलेल. अनुमान वरवर सयुक्तिक दिसते. तथापि ते चुकीचे आहे, आणि अशा मुलांचे शाळेत जे नुकसान होते त्याचा मोठा भाग ह्याच अनुमानातून उद्भवतो. तो मुलगा ही गोष्ट फार मनावर घेतो, आणि त्यामुळेच बरेचसे बिघडते. ते कसे, हे येथे विस्ताराने पाहावयाचे आहे.

प्रथम नावांचा घोळ दूर करावयास हवा. बोबडे बोलणे आणि अडखळत किंवा तोतरे बोलणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोबड्या मुलास एखादा वर्णच साधत नाही. ते "र" च्या जागी "ल" म्हणते आणि दर वेळी तसेच म्हणते. अडखळणाऱ्या मुलास सर्व वर्ण साधतात. मात्र कधी शब्दाचा पहिला वर्ण पुनःपुन्हा येतो, कधी तो लांबत जातो, आणि कधी तोंड उघडूनही आवाज फुटत नाही. आज सुरळीत निघालेला शब्द उद्या अडतो. हा दोष प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेत वाणीच्या विकारांत मूक, मिन्मिन व गद्गद असे प्रकार गणले आहेत.

साधारणपणे दोन ते पाच वर्षांच्या वयात, मूल वाक्ये जुळवू लागले की, अडखळणे प्रथम दिसू लागते. शंभर मुलांपैकी सुमारे ५ मुले केव्हा ना केव्हा ह्या अवस्थेतून जातात, आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडी अधिक मुले आपोआप त्यातून बाहेर पडतात. प्रौढ माणसांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उरते व त्यांत पुरुष स्त्रियांच्या सुमारे चौपट असतात. तेव्हा दीडशे-दोनशे पटाच्या शाळेत असे एखाद-दुसरे मूल असण्याचा संभव आहे, असे शिक्षकांनी धरून चालावे. ते दिसत नसेल तर बहुधा ते गप्प बसत असावे.

ह्या दोषाचे मूळ शरीरात आहे. पुष्कळदा तो घराण्यात चालत आलेला असतो. सन २०१० मध्ये तीन जनुकांतील बदलांशी काही कुटुंबांतील अडखळण्याचा संबंध असल्याचे दाखवून देण्यात आले. त्या अभ्यासात पाकिस्तानातील कुटुंबांचा मोठा भाग होता. बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळविणाऱ्या मेंदूतील व्यवस्थेत अशा व्यक्तींच्या बाबतीत थोडा फरक आढळतो, असेही अलीकडील संशोधन सांगते. दुसऱ्या तोतऱ्या मुलाची नक्कल केल्याने, गुदगुल्या केल्याने किंवा जीभ जड असल्याने हा दोष होतो, ह्या समजुतींस आधार नाही. बुद्धीशी तर त्याचा काहीएक संबंध नाही. खेड्यांतून अशा मुलांस वेखंड उगाळून चाटवितात, अक्कलकाऱ्याची पूड जिभेस लावतात, क्वचित जिभेखालची शीर कापण्यापर्यंत मजल जाते. ह्या उपायांनी अडखळणे जात नाही. मात्र त्यांचा एक परिणाम खात्रीने होतो: आता हा नीट बोलेल, ह्या आशेने सारे घर त्याच्या तोंडाकडे पाहू लागते.

येथून दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या भागास प्रारंभ होतो. शरीराने दिलेले अडखळणे हे थोडे असते. त्यावर जो मोठा डोलारा उभा राहतो तो अपेक्षेचा असतो. आपण आता अडखळणार, ही मुलाची स्वतःविषयीची अपेक्षा; आपण अडखळता कामा नये, ही त्याची स्वतःवरील सक्ती; आणि ह्या दोन्हींस खतपाणी घालणाऱ्या घरच्या व शाळेच्या अपेक्षा. भातखाचरांच्या बांधावरून मुले रोज धावत शाळेत येतात व कोणी पडत नाही. एखाद्या मुलास दोन-तीन वेळा पाय घसरलेला आठवत असेल आणि वडीलधाऱ्यांनी मागून "पडशील हो, जपून" असे ओरडून सांगितले, तर त्याचे लक्ष वाटेवरून उडून पायांकडे जाते, पाय ताठ होतात, आणि तो नेमका त्याच बांधावर पडतो. बोलण्याचे असेच आहे. शब्द अडणार असे वाटताच मूल त्याच्याशी झुंज देण्याच्या तयारीस लागते; श्वास कोंडते, ओठ आवळते, जीभ टाळूस जोराने दाबते. ही तयारी हेच पुढे अडखळणे होऊन बसते.

हे केवळ तर्काने ठरविलेले नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन हे मानसशास्त्रज्ञ ह्या विषयाचा अभ्यास करीत. ते स्वतःही अडखळत बोलत. सन १९३७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अडखळणाऱ्या व्यक्तींना एकच उतारा पुनःपुन्हा मोठ्याने वाचावयास लावला. प्रत्येक वाचनागणिक अडखळणे कमी होत गेले, परंतु जे उरले ते बहुतेक पूर्वीच्याच शब्दांवर पडले. मग त्यांनी वाचक ज्या शब्दांवर अडखळले होते ते शब्द खोडून काळे केले आणि उरलेला मजकूर वाचावयास दिला. अवघड शब्द गेले, आता वाचन सुरळीत होईल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात वाचक त्या काळ्या डागांच्या शेजारच्या शब्दांवर अडखळू लागले. डागात कोणताच वर्ण नव्हता. तेथे काय घडले होते ह्याची आठवण तेवढी होती.

ठाणे-कल्याण भागातील शिक्षकांस ह्याचे उदाहरण आपल्या रोजच्या आगगाडीच्या मार्गावर सापडेल. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण ही स्थानकांची नावे उच्चारून पाहावीत. एक मुंब्रा सोडल्यास प्रत्येक नावाचा आरंभ अशा व्यंजनाने होतो, की ज्यासाठी हवेचा मार्ग क्षणभर पुरता बंद करावा लागतो. अडखळणारी अनेक माणसे अशा वर्णांना भितात. ठाण्याच्या तिकीट-खिडकीपुढे रांगेत उभा असलेला एखादा तरुण कल्पनेत आणावा. त्यास डोंबिवलीस जावयाचे आहे. मागे माणसे खोळंबली आहेत, खिडकीतील कारकून घाईत आहे. "डोंबिवली" निघणार नाही अशी त्याची खात्री असते, म्हणून तो "अंबरनाथ" म्हणतो, जास्तीचे पैसे मोजतो व डोंबिवलीस उतरतो. त्या दिवसापुरते काम भागते. परंतु "डोंबिवली" हा शब्द आपणांस म्हणता येत नाही, ही त्याची खात्री तशीच राहते, किंबहुना एका तिकिटाने अधिक पक्की होते, कारण तिची परीक्षाच झाली नाही. आता तिकिटे यंत्रातून व दूरध्वनी-संचावरून निघतात. बोलण्याची गरज उरली नाही, पण भीतीही जेथल्या तेथे राहिली. आणि दुसऱ्या एखाद्यास "अंबरनाथ" म्हणवत नाही व "डोंबिवली" मात्र सहज म्हणता येते. मुळात वर्णास फारसा दोष नाही, हे ह्यावरून उमगावे.

शाळेतील मूल हेच करते, पण त्याच्यापाशी पर्यायी स्थानक नसते. शिक्षकाने पाण्याचा उत्कलनबिंदू विचारला तर "शंभर" च्या जागी दुसरा शब्द त्याने कोठून आणावा? मग ते "येत नाही" असे म्हणते. ते म्हणणे सोपे असते. उत्तर येत असूनही न येणाऱ्यांत बसणारी मुले शिक्षकांनी एकदा शोधून पाहावीत. स्वतःचे नाव हा तर सर्वांत कठीण शब्द, कारण त्यास प्रतिशब्द नाही आणि ते विसरलो अशी सबबही चालत नाही. नवा अधिकारी वर्गावर येतो, प्रेमाने "बाळ, तुझे नाव काय?" असे विचारतो, आणि मूल गोंधळून उभे राहते. पाहुण्यासमोर शाळेची शोभा झाली असे शिक्षकांस वाटते. मुलास काय वाटते ते निराळेच.

सर्वांबरोबर पाढे म्हणताना मूल अडखळत नाही ह्याचे कारण येथे काही अंशी स्पष्ट होते. सामुदायिक उच्चारात कोणी त्या एका आवाजाची वाट पाहत नसतो. अर्थात एवढेच कारण नाही. इतरांच्या लयीचा आधार मिळाल्याने बोलण्याच्या हालचाली जुळून येतात, असेही अभ्यासक मानतात, आणि गाताना हाच अनुभव येतो. म्हणून सामुदायिक वाचन हे अशा मुलास विसाव्याचे ठिकाण म्हणून अवश्य द्यावे. मात्र त्यावरून "एकट्याने का येत नाही?" असा जाब विचारू नये.

अपेक्षेची दोन तोंडे वर सांगितली. त्यांपैकी भीतीचे तोंड सर्वांस ओळखू येते. सक्तीचे तोंड ओळखणे अवघड, कारण ते सद्गुणासारखे दिसते. मुलाने न अडखळता बोलावे अशी इच्छा धरणे ह्यात वाईट काय, असे कोणीही विचारील. "सावकाश बोल", "आधी श्वास घे", "मनात वाक्य तयार कर आणि मग बोल" हे उपदेश चांगल्या हेतूनेच केले जातात. पण प्रत्येक उपदेशातून मुलास एकच गोष्ट कळते, की समोरचा माणूस आपल्या म्हणण्यापेक्षा आपल्या तोंडाकडे लक्ष देत आहे. शिक्षेबद्दल येथे काही सांगण्याची आवश्यकता नाही. ती चूक आहे हे सर्वांस ठाऊक आहे. स्तुतीबद्दल मात्र सांगावयास हवे. एखाद्या दिवशी मूल सरळ बोलले आणि शिक्षक हर्षाने म्हणाले, "आज किती छान बोललास!", तर त्या क्षणी उद्याचे कर्ज त्याच्या नावावर चढते. अडखळणे हे मुळातच चढ-उताराचे असते. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा पूर्वपदावर येते. बरा दिवस पाहून शिक्षकांनी त्या मुलाचे नाव १५ ऑगस्टच्या भाषणासाठी घातले, आणि नेमक्या त्या दिवशी ध्वजाखाली त्याचा कंठ बंद झाला, असे घडणे अगदी संभवनीय आहे. त्यानंतर ते मूल बऱ्या दिवसांनाही भिऊ लागते. तेव्हा स्तुती करावयाची ती त्याने काय सांगितले त्याची करावी. कसे सांगितले त्याची नको.

ह्याच संदर्भात आयोवा येथील आणखी एका प्रयोगाची हकीकत शिक्षकांनी जाणून घेण्याजोगी आहे. सन १९३९ मध्ये जॉन्सन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर ह्या विद्यार्थिनीने डॅव्हेनपोर्ट गावच्या अनाथालयातील २२ मुलांवर हा प्रयोग केला. त्यांतील सहा मुले सरळ बोलणारी होती. त्यांना, तुम्ही तोतरे होऊ लागला आहात, बोलण्याआधी सावध राहा, असे वारंवार सांगण्यात आले. अडखळण्याचा दोष मुलाच्या तोंडात सुरू होत नसून आईबापांच्या कानात सुरू होतो, असे जॉन्सन ह्यांचे मत होते व ते पडताळावयाचे होते. पुढील काळात त्या नोंदी अभ्यासकांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा ती मुले खरोखर तोतरी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. परंतु ती बोलेनाशी झाली होती. ती शब्द मोजून बोलत, प्रश्न विचारला की खाली पाहत. हा प्रयोग दीर्घकाळ अंधारात राहिला. सन २००१ मध्ये वृत्तपत्रातून तो उघड झाल्यावर विद्यापीठाने क्षमा मागितली, आणि सन २००७ मध्ये आयोवा राज्याने पीडितांस ९ लाख २५ हजार डॉलर देऊन दावा मिटविला. ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आईबापांनी किंवा शिक्षकांनी लक्ष दिल्याने दोष जडतो हे जॉन्सन ह्यांचे मत टिकत नाही, म्हणून कोणत्याही मातेस ह्याबद्दल दोष देऊ नये. आणि वडीलधाऱ्यांच्या अपेक्षेने मूल मुके होऊ शकते, हे मात्र त्या सहा निरपराध मुलांच्या आयुष्यावरून दिसून येते.

मग अपेक्षा सोडावयाच्या त्या कशा? त्या प्रथम शिक्षकाने सोडावयाच्या आहेत, कारण तो मोठा आहे व वर्ग त्याच्या हाती आहे. हजेरीच्या वेळी "हजर" म्हणणे, हात वर करणे किंवा शेजाऱ्याच्या पाटीवर टिचकी मारणे, ह्यांपैकी काहीही चालेल अशी मुभा सर्व वर्गास द्यावी. केवळ त्या एका मुलास दिली तर तीच नवी खूण होऊन बसते. पट कधी शेवटून, कधी मधून वाचावा, म्हणजे सव्वीस नावांची रांग उभी राहत नाही. प्रश्न विचारल्यावर मूल बोलू लागले की त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे, त्याच्या डोळ्यांकडे नेहमीप्रमाणे पाहावे, त्याच्या तोंडचा शब्द स्वतः पुरा करू नये. घड्याळ लावून पाहिले तर तो थांबण्याचा वेळ बहुधा दहा सेकंदांहून अधिक भरत नाही. तो युगासारखा वाटतो एवढेच. स्वतः शिक्षकांनी आपले बोलणे थोडे संथ ठेवले व दोन वाक्यांत अंतर सोडले, तर "सावकाश बोल" असे सांगण्याची गरजच राहत नाही. हसणाऱ्या मुलांच्या बाबतीत, त्यांस सर्वांसमक्ष झापण्यापेक्षा, मधल्या सुटीत बाजूस घेऊन दोन शब्द सांगणे अधिक उपयोगी पडते.

ह्यानंतर त्या मुलाशी एकान्तात, सरळ शब्दांत बोलावे. "तू कधी कधी अडखळतोस, हे मला ठाऊक आहे. वर्गात अडखळलास तरी चालेल. तू सांगतोस ते मला ऐकावयाचे आहे." एवढे बोलणे पुरेसे असते. अनेक शिक्षक भीडेपोटी हा विषय कधीच काढीत नाहीत, आणि ज्या गोष्टीचे नावही घ्यावयाचे नाही ती फारच लाजिरवाणी असली पाहिजे, असा मुलाचा ग्रह होतो.

तिसरी-चौथीच्या पुढील मुलांस आपली अपेक्षा पडताळून पाहावयास शिकविता येते. धडा वाचण्यापूर्वी मुलाने आपल्या वहीत लिहावे: मी किती शब्दांवर अडखळेन, किती जण हसतील. वाचून झाल्यावर प्रत्यक्षात काय घडले ते शेजारी लिहावे. वीस जण हसतील असे लिहिलेले असते, एक हसतो. कधी कोणीच हसत नाही. असे काही आठवडे चालले म्हणजे आपले भाकीत विश्वासू नाही हे मुलाच्या स्वतःच्या अक्षरात त्याच्या समोर येते. दुसरा मार्ग प्रथमदर्शनी उफराटा वाटेल, पण चार्ल्स व्हॅन रायपर ह्यांच्यासारख्या, स्वतः अडखळणाऱ्या, वाणी-तज्ज्ञांनी तो पुष्कळ वापरला. मुलाने मुद्दाम, स्वतःच्या इच्छेने, हलकेच अडखळावे: "म-म-माझे". जी गोष्ट लपविण्यासाठी सारी शक्ती खर्च होत होती ती आपणहून केली की लपविण्याचे काम संपते, आणि घशावरील ताण पुष्कळसा उतरतो. हा प्रयोग शिक्षक व मूल ह्यांनी मिळून, इतर कोणी नसताना, थोडा गमतीने करावा. शिक्षकांनी स्वतः आधी अडखळून दाखवावे. मुलास नको असेल तर आग्रह धरू नये. अपेक्षा सोडण्याचीच सक्ती झाली तर पुन्हा मूळ पदावर यावे लागते.

आजच्या शाळांत ह्या प्रश्नास एक नवी धार आली आहे. निपुण भारत अभियान सन २०२१ मध्ये सुरू झाले. इयत्ता तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटास किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे त्याचे एक उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. वाचता न येणारी मुले त्यामुळे नजरेस येतात. परंतु अडखळणाऱ्या मुलाचे तोंडी वाचन घड्याळ लावून मोजले तर त्याची जीभ मोजली जाते, वाचन नव्हे. घड्याळ पाहिले की त्याचे अडखळणे आणखी वाढते. अशा मुलास उतारा मनात वाचावयास द्यावा, अर्थावरील प्रश्नांची उत्तरे लिहून किंवा चित्रावर बोट ठेवून घ्यावीत, आणि शिक्षकाबरोबर दोघांनी मिळून मोठ्याने वाचावे. तो न वाचणाऱ्यांत गणला जाणे हे अंकगणिताच्या दृष्टीनेसुद्धा चुकीचे आहे.

शहापूर, मुरबाड व भिवंडी तालुक्यांतील शाळांत आणखी एक गोष्ट घडते. घरी वारली, कातकरी किंवा आगरी बोली बोलणारे मूल शाळेत आले की त्याच्या तोंडचा प्रत्येक दुसरा शब्द सुधारला जातो. आगरी मुलगा "पानी" म्हणतो, "डोला" म्हणतो. शिक्षक "पाणी", "डोळा" असे सांगतात. सरळ बोलणाऱ्या मुलास त्याने विशेष बाधा होत नाही. परंतु ज्याच्या ठायी अडखळण्याचा मूळ कल आहे, त्यास तोंड उघडण्यापूर्वीच चुकीची अपेक्षा करण्याची सवय लागते. पहिल्या दोन इयत्तांत तरी मूल सांगत असताना उच्चार दुरुस्त करणे थांबवावे; प्रमाण रूपे शिक्षकांनी स्वतःच्या उत्तरात सहज वापरावीत. अपरिचित भाषेमुळे थबकणारे मूल आणि तोतरे मूल ह्यांतील फरक आईला विचारल्याने कळतो: घरी, स्वतःच्या बोलीत बोलताना ते अडते काय?

अडखळणे गेल्याखेरीज माणसाचे काही होत नाही, ही सर्वांत खोलवरची अपेक्षा होय. ती सोडावयास उदाहरणे उपयोगी पडतात. सन १९५७ मध्ये केरळचे पहिले मुख्यमंत्री झालेले ई. एम. एस. नंबुद्रिपाद आयुष्यभर अडखळत बोलत आणि तसेच बोलून त्यांनी विधानसभा व जाहीर सभा गाजविल्या. तुम्ही नेहमीच अडखळता काय, असे कोणी विचारता, नाही, फक्त बोलताना, असे उत्तर त्यांनी दिल्याची आठवण सांगितली जाते. मुंबईचे चित्रपट-अभिनेते हृतिक रोशन ह्यांनी, लहानपणी अडखळण्यामुळे तोंडी परीक्षेच्या दिवशी शाळा चुकवीत असू, असे स्वतः सांगितले आहे. तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या मुलांकडे शिक्षकांनी म्हणूनच जरा निराळ्या दृष्टीने पाहावे. सन २००८ मध्ये स्थापन झालेली 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही अडखळणाऱ्या माणसांनीच चालविलेली संस्था आहे. अडखळणे मान्य करून, न लपविता बोलावयास एकत्र जमणे, हा तिच्या कामाचा गाभा होय. दर वर्षी २२ ऑक्टोबर हा ह्या विषयाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. परंतु ज्या वर्गात असे एकच मूल आहे तेथे त्या दिवशी समारंभ करून त्यास नमुन्यासारखे उभे करू नये. आणि ज्या शिक्षकांचे स्वतःचेच बोलणे अडते, त्यांनी वर्गात ते झाकण्याची धडपड केली नाही, तर एखाद्या मुलास त्यातून जे मिळेल ते वरील सर्व उदाहरणांत मिळणार नाही.

अपेक्षा सोडणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. अडखळणे सहा महिने ते एक वर्षाहून अधिक काळ टिकले, घरात आणखी कोणी अडखळत असले, बोलताना मुलाचे डोळे मिटत, मान झटकत किंवा चेहरा वेडावाकडा होत असला, तर वाणी-उपचारतज्ज्ञास दाखविणे इष्ट होय. मुंबईस नायर रुग्णालयात, तसेच वांद्रे येथे सन १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ह्याची सोय आहे. मुरबाडच्या आतल्या गावाहून वांद्र्यास जावयाचे तर आधी एस. टी. ने कल्याण, तेथून आगगाडीने दादर, आणि दादरला गाडी बदलून वांद्रे, असा प्रवास करावा लागतो; आईबापांचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून शिक्षकांनी आधी पालकांस नीट सांगावे, की तेथे एका भेटीत जीभ मोकळी करून मिळत नाही. काही भेटी लागतील, बोलणे पुष्कळ सोपे होईल, थोडे अडखळणे कदाचित राहील. हे न सांगता पाठविले तर पहिल्या भेटीनंतर घरी आलेले मूल पुन्हा सर्वांच्या नजरेत उभे राहते, आणि दुसरी भेट होत नाही.

वर्षअखेरीस मुलाच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. अडखळणाऱ्या मुलाच्या पुस्तकात "तोंडी कामात मागे", "आत्मविश्वास कमी" असे शेरे पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत. ते पुस्तक पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती जाते आणि जूनमध्ये तो शिक्षक ती अपेक्षा घेऊनच वर्गात पाऊल टाकतो. त्या जागी "विचारल्यास बरोबर उत्तर सांगतो, उत्तरास वेळ द्यावा" असे लिहिता येईल.